धाकट्या चाकाच्या वेगाने: मुंबईत सहकुटुंब माउंटन बाइकिंग

रविवारी साडेनऊला मी घरी परतलेली असते. सायकल गॅलरीत टेकलेली, मुरमाने लाल झालेले मोजे बादलीत आणि गॅसवर पोह्यांची फोडणी. ही साडेनऊची वेळ पाळली म्हणून आमच्या घरात माउंटन बाइकिंग सात वर्षं टिकलं.

आम्ही दहिसरला राहतो. सुरुवातीला मी एकटीच पहाटे निघायचे आणि ऊन डोक्यावर आलं की परतायचे. त्या सकाळी फार सुंदर होत्या, पण घराचा रविवार त्यात संपून जायचा. मुलगी चार वर्षांची असताना एकदा दारात उभी राहून म्हणाली, "आई, तुझी सायकल जंगलात जाते, माझी का नाही जात?" तिची १४ इंची सायकल, बाजूला दोन छोटी चाकं लावलेली, बिल्डिंगच्या गेटपलीकडे कधी गेलीच नव्हती. त्या दिवसापासून नियम उलटा केला. घरातलं सगळ्यात लहान चाक ज्या वेगाने फिरेल तो आमचा वेग आणि ते जिथवर जाईल तिथवर आमची वाट. आज ती अकरा वर्षांची आहे, धाकटा सात वर्षांचा. या नियमाने आम्ही जे शिकलो ते इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी घड्याळ, मग सायकल

सायकल घेण्याआधी घरातल्या सगळ्यांसोबत बसा आणि महिन्याचे चार रविवार वाटून घ्या. आमच्याकडे दोन रविवार सगळ्यांचे, एक माझ्या नाहीतर नवऱ्याच्या एकट्याच्या दौडीचा आणि एक बिनसायकलचा. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर महिन्याच्या पहिल्या तारखेलाच लिहून ठेवतो. ज्याच्या वाट्याला एकट्याची दौड, त्याने शनिवारचा बाजार आणि मुलांचा अभ्यास सांभाळायचा. एवढं ठरलं की घरात धुसफूस होत नाही.

दुसरी गोष्ट माघारीच्या वेळेची. साडेसहाला निघायचं आणि साडेनऊला घरी यायचं असेल, तर आठ वाजता जिथे असाल तिथून चाक वळवायचं. पुढचं वळण कितीही खुणावत असलं तरी. पोचायच्या जागेपेक्षा वळायची वेळ ठरलेली असली की मुलांना शेवटच्या तासात ओढत आणावं लागत नाही. मार्च ते मे हीच वेळ एक तास अलीकडे घ्या. मुंबईच्या दमट उन्हात साडेआठनंतर लहान मूल फार लवकर गळून जातं.

सगळी तयारी शनिवारी रात्री. बाटल्या भरून फ्रीजमध्ये, कपडे खुर्चीवर, हेल्मेट हँडलला अडकवलेली, टायरमध्ये हवा भरलेली. सकाळी फक्त दूध-केळं आणि दार ओढून घेणं.

मुलांची सायकल: वजन बघा, दिखावा नको

आईबाप स्वतःच्या सायकलीवर महिनाभर विचार करतात आणि मुलाची सायकल दहा मिनिटांत घेतात. करायचं नेमकं याच्या उलट. आमच्या मुलीची पहिली २० इंची सायकल लोखंडी, १३ किलोंची होती. तिचं स्वतःचं वजन तेव्हा २२ किलो. म्हणजे निम्म्याहून जास्त वजन ती चढावर ढकलत होती. ती चढाला कंटाळते असं आम्हाला वाटायचं. अल्युमिनियमची साडेआठ किलोंची सायकल आल्यावर तोच चढ ती गाणं म्हणत चढली.

दुकानात जाताना वजनकाटा बरोबर न्या. सामान तोलायचा हुकाचा छोटा काटा पुरतो. मूल सीटवर बसलं की दोन्ही पायांचे चवडे जमिनीला लागले पाहिजेत. ब्रेकच्या दांडीपर्यंत बोट सहज पोचलं पाहिजे. दांडीच्या बुडाशी एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवून ती हँडलजवळ आणता येते. दुकानदाराकडून तिथेच करून घ्या. १६ इंची चाक साधारण चार ते सहा वर्षांच्या मुलाला, २० इंची सहा ते नऊच्या आणि २४ इंची आठ ते अकराच्या. खरं माप मात्र उंचीचं. "वर्षभरात वाढेल" म्हणून मोठी सायकल घेऊ नका. मोठ्या सायकलीवर मूल घाबरतं आणि ती भीती जायला वर्ष लागतं.

लहान मुलांच्या सायकलींना जे सस्पेन्शन लावतात, त्यात बहुधा नुसती स्प्रिंग असते. हलक्या मुलाच्या वजनाने ती दबत नाही, वजन मात्र वाढवते. साधा, बिनस्प्रिंगचा फोर्क (पुढचं चाक धरणारा दुपाखी दांडा) घ्या. जाडजूड टायरच्या सायकली सध्या प्रत्येक बिल्डिंगमध्ये दिसतात. मुलांना त्यांचं फार आकर्षण असतं, हे मला घरचं ठाऊक आहे, पण एवढं वजन चढावर मुलाच्या जिवावर येतं.

मोठ्यांसाठी एकच सांगणं: मागे सस्पेन्शन नसलेली, पुढे १०० मिलिमीटरपर्यंत दबणारा फोर्क असलेली हार्डटेल पुष्कळ झाली. मागचं सस्पेन्शन वजन आणि देखभाल दोन्ही वाढवतं, आणि कुटुंबासोबत ज्या वाटांवर जायचं तिथे त्याची गरज पडत नाही. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाने चालणारा) डिस्क ब्रेक मिळत असेल तर थोडे पैसे जास्त द्या. एका बोटाने थांबता येतं. गिअर किती यापेक्षा सगळ्यात हलका गिअर किती हलका, ते विचारा. पुढच्या चक्रीचे दात कमी आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रीचे जास्त, म्हणजे चढ सोपा. आणि घेण्यापूर्वी घरची लिफ्ट मोजून घ्या. २९ इंची सायकल आमच्या लिफ्टमध्ये पुढचं चाक वर करून, उभीच न्यावी लागते.

सीट आणि हवा

सीटची उंची अशी लावा: भिंतीला धरून सीटवर बसा, पेडल सगळ्यात खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवून चालवाल तेव्हा गुडघ्यात हलकासा बाक राहतो. ही चढाची आणि सपाट रस्त्याची उंची. खडबडीत उतारावर सीट चार-पाच सेंटिमीटर खाली घ्यायची, म्हणजे अंगाला मागे-खाली सरकायला जागा मिळते. सीटच्या दांड्यावर दोन्ही उंचींना इन्सुलेशन टेपचे दोन रंग लावून ठेवा. आमची मुलं उतार आला की आपणच म्हणतात, "आई, लाल खूण."

टायरवर छापलेला हवेचा मोठा आकडा ही वरची मर्यादा असते. ट्यूब असलेल्या २.१ ते २.२५ इंची टायरमध्ये ६०-७० किलोंच्या माणसाने मुरमाच्या वाटेवर २८ ते ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवावं, पुढे दोन कमी. डांबरी रस्त्यावर ३८-४० चालेल. मुलांच्या २० इंची टायरला २० ते २५ पुरतं. हवा जास्त झाली की टायर गिट्टीवरून उडतो, पकड सुटते आणि मुलाचे हात झिणझिणतात. फारच कमी झाली तर दगडावर आपटताना रिम ट्यूबला चावते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. दाब दाखवणारा काटा असलेला उभा पंप घरात हवाच. पेट्रोल पंपावरच्या हवेने मुलाची ट्यूब फुटताना मी पाहिली आहे.

पार्किंगमधली शाळा

डोंगरात जाण्याआधी किमान सहा आठवडे बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये किंवा जवळच्या मैदानात घालवा. संध्याकाळची वीस मिनिटं पुरतात. ही पायरी मला सगळ्यात प्रिय आहे, आणि बहुतेक घरं हीच गाळतात.

ज्याला अजून तोल येत नाही, त्याच्या सायकलीची बाजूची छोटी चाकं काढा आणि पेडलही काढा. १५ नंबरचा पाना लागतो. उजवं पेडल नेहमीसारखं डावीकडे फिरवून सुटतं. डाव्याचे आटे उलटे, ते उजवीकडे फिरवायचं. हे माहीत नसल्यामुळे आटे खराब झालेल्या कितीतरी सायकली मी पाहिल्या. मग सीट एवढी खाली करा की दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकतील. मूल पायाने ढकलत फिरतं, मग पाय उचलून घरंगळत जातं. सलग दहा मीटर पाय न टेकता गेलं की पेडल परत लावायचं. धाकट्याला याला अकरा दिवस लागले. सीट धरून मागे धावायची गरज पडली नाही.

पुढचा धडा गोगलगायीच्या शर्यतीचा. खडूने मीटरभर रुंद, आठ-दहा मीटर लांब पट्टा आखा. जो सगळ्यात शेवटी पोचेल तो जिंकला. पाय टेकला किंवा रेषा ओलांडली की बाद. सावकाश चालवताना तोल, ब्रेक आणि पेडल तिन्हींचा मेळ बसतो, आणि दगडगोट्यांच्या वाटेवर नेमका तोच लागतो. या शर्यतीत मुलगी मला वर्षानुवर्षं हरवते आहे.

मग उभं राहणं. दोन्ही पेडल एका पातळीत, बूड सीटवरून किंचित उचललेलं, कोपरं आणि गुडघे सैल, एकेक बोट ब्रेकवर, नजर आठ-दहा मीटर पुढे. आमच्या घरात याचं नाव 'मांजर'. उडी घ्यायच्या आधीची मांजर जशी दबून आणि सैल असते, तसं अंग हवं. बिल्डिंगच्या गेटातल्या स्पीडब्रेकरवरून मांजर होऊन वीसदा जाऊ द्या. सायकल अंगाखाली हलते आणि अंग जागच्या जागी राहतं हे मुलाला एकदा कळलं की गिट्टीची भीती निम्मी होते. नजर खाली चाकावर गेली की "वर बघ" एवढंच म्हणा. ज्या दगडाकडे पाहाल त्याच दगडावर चाक जातं, हे मोठ्यांनाही तेवढंच लागू.

ब्रेकचा धडा वेगळा घ्या. आपल्याकडे उजवा ब्रेक बहुधा पुढच्या चाकाचा असतो, पण काही सायकलींवर उलट असतो. चाक उचलून खात्री करा. खडूची रेष काढा आणि तिच्यावर बरोबर थांबायला सांगा: आधी फक्त मागच्या ब्रेकने, मग दोन्हींनी. अंतरातला फरक मुलं स्वतःच मोजतात. वळणाच्या आधी ब्रेक, वळणात ब्रेक मोकळा. सुट्या मुरमावर वळताना दाबलेला ब्रेक हमखास पाडतो. गिअर चढ सुरू व्हायच्या आधी बदलायचा. चढावर जोर देत असताना बदलला तर चेन कडकडते, कधी तुटते.

शेवटी चार शब्द ठरवा. आमचे आहेत 'थांब', 'खड्डा', 'गाडी' आणि 'पाणी'. एकाने म्हटला की पुढच्याने पुन्हा म्हणायचा. रस्त्यावर एक मोठं माणूस सगळ्यात पुढे, मूल मध्ये, दुसरं मोठं माणूस मुलाच्या मागे आणि थोडं उजवीकडे, म्हणजे मागून येणाऱ्या गाडीला आधी तुम्ही दिसता.

कुठून सुरुवात करायची

बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान ही आमची पाठशाळा. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल, स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ. मुख्य गेटपासून कान्हेरी लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटरचा डांबरी रस्ता जातो. पहिला भाग सौम्य, शेवटचा चढ दमवणारा. उद्यान सोमवारी बंद असतं. आत भाड्याने सायकली मिळतात, त्यामुळे सायकल घेण्याआधी मुलांना गोडी लागते का हे इथेच पाहता येतं. स्वतःची सायकल नेणार असाल तर तिकीट खिडकीवर त्या दिवसाचे नियम विचारून घ्या. सासूबाई सायकल चालवत नाहीत, पण आमच्याबरोबर येतात. त्या सावलीतून फिरतात आणि आम्ही परतेपर्यंत बाकावर बसतात. मुलं त्यांना कुठलं पाखरू दिसलं ते सांगायला धावत येतात.

इथे दोन गोष्टी पक्क्या. डांबरी रस्ता सोडून जंगलातल्या पायवाटांवर सायकल घालायची नाही. त्या वाटांना वनखात्याची परवानगी लागते, आणि वनखातं इथे प्राण्यांसाठी आहे. दुसरी बिबट्याची. उद्यानात आणि शेजारच्या आरे कॉलनीतही त्याचा वावर आहे, म्हणून पुरतं उजाडल्याशिवाय आत जायचं नाही, अंधारायच्या कितीतरी आधी बाहेर पडायचं आणि मुलाला नजरेआड होऊ द्यायचं नाही. माकडांसमोर खाऊचा डबा उघडू नका.

महिना-दोन महिन्यांनी खाडीपलीकडे चला. मालाडच्या मार्व्याहून मनोरीला किंवा बोरिवलीहून गोराईला बोट जाते. तिकीट काढून सायकल बोटीत घालता येते. मुलांसाठी बोटच अर्धी सहल. मनोरी-गोराई-उत्तनचा रस्ता कोळीवाड्यांतून आणि ईस्ट इंडियन (इथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांच्या) गावांतून जातो. ओहोटीच्या वेळी ओली घट्ट वाळू सायकलीला झकास असते. कोरड्या वाळूत चाक रुततं. भरती-ओहोटीचं वेळापत्रक आदल्या रात्री पाहा.

वसई त्याहून शांत. वसई रोडला उतरून पश्चिमेला गेलं की निर्मळ, भुईगावच्या बाजूला वाड्यांमधून अरुंद रस्ते आहेत, दोन्हीकडे केळी आणि नारळ. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकलेल्या किल्ल्यात सायकल टेकवून मुलांना तट दाखवा, आणि मिळाली तर सुकेळी घ्या. वसईची ही वाळवलेली केळी खिशात मावतात आणि चढावर कुठल्याही महागड्या एनर्जी बारइतकी कामाला येतात.

खऱ्या कच्च्या वाटेची चव तुंगारेश्वरला. वसई पूर्वेला, महामार्ग ओलांडून अभयारण्यात शिरलं की महादेवाच्या देवळाकडे जाणारा दगडगोट्यांचा रस्ता सुरू होतो. चढ, ओढे, मुरूम सगळं आहे. मूल पार्किंगमध्ये मांजर झाल्याशिवाय इथे आणू नका, आणि पावसाळ्यात अजिबात नको. ओढ्यांना बघता बघता पाणी चढतं. डिसेंबर-जानेवारीत ओढे अंगठ्याएवढे होतात आणि सकाळी गारवा असतो.

मोठी सहल हवी असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्याही नेणाऱ्या मोठ्या बोटीने) मांडवा. तिथून सासवणे, आवास, किहीम. सासवण्याला शिल्पकार करमरकरांच्या घरातलं शिल्पालय आहे. धाकटा तिथल्या शिल्पांसमोर इतका वेळ उभा राहिला की त्या दिवशी माघारीची वेळ आम्ही मोडली. फेब्रुवारीनंतर रस्त्याकडेला अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा दिसतात. एक माळ हँडलला अडकवून आणायची.

आणि मग राजमाची. लोणावळ्याहून तुंगार्लीवरून उधेवाडीपर्यंत सुमारे पंधरा किलोमीटरची कच्ची वाट, शेवटी श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले. मुलीला तिथे नेण्याआधी आम्ही ती अकरा वर्षांची होईपर्यंत थांबलो. उधेवाडीत घरगुती मुक्काम मिळतो, पिठलं-भाकरी मिळते. एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट धरू नका.

सायकल पोचवायची कशी

सी लिंक, कोस्टल रोड, ईस्टर्न फ्रीवे आणि अटल सेतू यांवर सायकलला बंदी आहे, हे मार्ग आखतानाच लक्षात घ्या. गाडीमागे लावायचं स्टँड सोयीचं, पण आमच्याकडे गाडी नाही. आम्ही लोकलने जातो. लगेजच्या डब्यात सायकल नेता येते, तिचं वेगळं तिकीट काढायचं. रविवारी पहाटे डबा रिकामा असतो. पुढचं चाक काढून घेतलं की दोन सायकली कोपऱ्यात मावतात. लोकल मधल्या स्टेशनवर जेमतेम वीस-तीस सेकंद थांबते, म्हणून शक्यतो जिथून गाडी सुटते तिथूनच चढा. एक मोठं माणूस सायकलींबरोबर, दुसरं मुलांबरोबर शेजारच्या डब्यात, आणि भेटायचं ठिकाण ठरलेलं: उतरल्यावर तिकीट खिडकीखाली. रविवारचा मेगाब्लॉक किंवा जम्बो ब्लॉक (रुळांच्या कामासाठी लोकल बंद ठेवण्याची वेळ) शनिवारी संध्याकाळी पाहून घ्या. एकदा तो न पाहिल्यामुळे परतीला आम्ही मुलांसकट दीड तास फलाटावर बसलो होतो. मेट्रो २अ आणि ७ वर २०२२पासून सायकल डब्यात नेऊ देतात.

पिशवीतलं सामान आणि पंक्चर

दर पंधरा-वीस मिनिटांनी मुलाला चार घोट पाणी. तहान लागायची वाट पाहू नका. एका बाटलीत घरचं मीठ-साखरेचं पाणी ठेवा: एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. खायला थालीपीठ, दशमी, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की. चॉकलेट मुंबईच्या हवेत पिशवीतच वितळतं.

अवजारांत प्रत्येक मापाची एक जादा ट्यूब, टायर काढायच्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या, हातपंप, पॅच, सोल्युशन, अॅलन कीचा संच आणि चेन जोडायची एक कडी. पंक्चर वाटेत जोडत बसू नका, ट्यूब बदला. भोक घरी बुजवा. क्रम असा:

१. चेन सगळ्यात लहान चक्रीवर आणून चाक काढा. डिस्क ब्रेक असेल तर चाक बाहेर असताना ब्रेक दाबू नका, पॅड आत चिकटतात.

२. उरलेली हवा सोडा. टायर चहूबाजूंनी रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला, मग व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने पट्टी घालून एक कड बाहेर काढा.

३. ट्यूब काढा आणि टायरच्या आतून फडकं फिरवा. काटा किंवा काच तिथेच असते. ती न काढता नवी ट्यूब घातली तर पाच मिनिटांत पुन्हा खाली बसाल. आपल्याकडे बाभळीचा काटा टोक आत मोडून राहतो, बाहेरून दिसत नाही.

४. नव्या ट्यूबमध्ये चिमूटभर हवा भरून तिला गोल आकार द्या, मग बसवा. टायरची कड हातानेच चढवा, शेवट व्हॉल्व्हपाशी. पट्टीने चढवली तर ट्यूब चिमटते.

५. दोन्ही बाजूंनी ट्यूब बाहेर डोकावत नाही ना हे पाहा आणि मगच पूर्ण हवा भरा.

मुलांना हे घरी करायला लावा. मुलीने पहिल्यांदा एकटीने चाक बसवलं, त्या दिवसापासून वाटेत काही बिघडलं की ती घाबरत नाही.

पडलं तर

ती आठ वर्षांची असताना कान्हेरीच्या उतारावर पडली. आदल्याच दिवशी सायकल सर्व्हिसिंगहून आणली होती, आणि मागच्या ब्रेकची केबल नीट आवळलेली नव्हती. दुकानाने चूक केली, पण निघण्याआधी ब्रेक दाबून पाहिला नाही तो मी. कोपर सोलवटलं, हेल्मेटला तडा गेला, डोकं शाबूत राहिलं. तेव्हापासून निघताना दारातच तीन गोष्टींची तपासणी होते: हवा, ब्रेक, चेन. टायर दाबून, दोन्ही ब्रेक एकेक दाबून सायकल पुढे ढकलून, पेडल उलटं फिरवून. अर्धा मिनिट लागतो, आणि ती मुलांनी स्वतः करायची.

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर बसलं पाहिजे, मागे कलंडलेलं नको. पट्ट्या कानाखाली जुळाव्यात आणि हनुवटीखाली एक बोट जेमतेम शिरावं. एकदा जोराने आपटलेलं हेल्मेट वरून ठीक दिसलं तरी टाकून द्या. आतला थर दबला की पुन्हा उसळत नाही.

खरचटलं तर आधी भरपूर साध्या पाण्याने माती धुवा, मग पट्टी, आणि धनुर्वाताच्या लशीची तारीख पाहा. डोक्याला मार बसल्यावर उलटी, गुंगी, गोंधळलेलं बोलणं किंवा वाढत जाणारी डोकेदुखी यांतलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय. १०८ रुग्णवाहिकेचा, १९२६ वनखात्याचा; दोन्ही नंबर फोनमध्ये आणि मुलाच्या सायकलीवर चिकटवलेल्या कागदावर.

पडल्यानंतर मुलाला लगेच पुन्हा सीटवर बसवायची घाई आमच्यात नाही. ती त्या दिवशी चालत उतरली, मी तिच्या शेजारून चालले. पुढचे तीन आठवडे ती फक्त पार्किंगमध्ये फिरली. चौथ्या आठवड्यात तिनेच विचारलं.

पाऊस आणि मीठ

जून ते सप्टेंबर आम्ही कच्च्या वाटा सोडतो. चिखलात चाकांनी पाडलेले चर पुढे पाण्याचे ओहोळ होतात आणि वाट धुपून जाते. पाऊस थांबलेल्या सकाळी डांबरी रस्ता, एरवी पार्किंगमधली शाळा आणि सायकलीची दुरुस्ती.

चिखल झालेली सायकल त्याच दिवशी धुवा, पण जोराच्या फवाऱ्याने नको. पाणी छर्र्यांत शिरतं आणि ग्रीस धुऊन जातं. तांब्याने पाणी आणि जुना दात घासायचा ब्रश पुरे. चेन जुन्या सुती कपड्याने कोरडी करा, मग सायकलच्या चेनचं तेल प्रत्येक कडीवर एकेक थेंब, पेडल उलटं फिरवत. पाच मिनिटांनी वरचं तेल पुसून टाका. शिलाई मशीनचं तेल पहिल्या पावसात वाहून जातं, खोबरेल धूळ धरतं. डिस्कवर तेलाचा थेंब पडू देऊ नका, ब्रेक कामातून जातो. गोराई-मांडव्याहून आलात तर वाळूचा कण नसला तरी गोड्या पाण्याने धुवा; खाऱ्या हवेने आमच्या एका सायकलीचे स्पोक एका उन्हाळ्यात गंजले.

चेन ताणली गेली का हे साध्या फूटपट्टीने कळतं. शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा. नव्या चेनवर १२ इंचांच्या खुणेवर बरोबर पिनच येते. ती इंचाच्या सोळाव्या भागाने पुढे सरकली की चेन बदला. उशीर केलात तर मागच्या चक्र्याही झिजतात आणि खर्च तिप्पट होतो. चाक डुगडुगायला लागलं तर रिमचं आऊट काढायला मात्र जाणत्या मिस्त्रीकडेच द्या, ते हाताच्या सरावाचं काम आहे.

सायकल धाकट्याकडे जाते तेव्हा

मुलाची सायकल दोन-अडीच वर्षांत लहान होते. सीट वरच्या खुणेपर्यंत आली आणि तरी गुडघा हँडलला लागतो असं दिसलं की पुढचं माप घ्या. जुनी धाकट्याकडे द्यायची असेल तर तशीच्या तशी देऊ नका. ब्रेकच्या केबल आणि पॅड नवे टाका, हँडलचे ग्रिप बदला, टायरच्या कडांना चिरा आहेत का ते पाहा, सीटच्या दांड्याला ग्रीस लावून तो खाली करा. ब्रेकची दांडी पुन्हा जवळ आणायला विसरू नका. मोठ्या हातासाठी लावलेली ती लहान बोटांना पोचत नाही.

ताईची सायकल आपल्याला मिळाली याचं धाकट्याला वाईट वाटू नये म्हणून आम्ही दोन संध्याकाळ ती गॅलरीत उघडून बसलो. नवे ग्रिप त्याने निवडले, पिवळे. मुलीने त्याला डावं पेडल उलटं फिरवायचं ते दाखवलं. सीटच्या दांड्यावर तिच्या जुन्या टेपच्या खुणा होत्या. त्या तिने स्वतः काढल्या, त्याला सीटवर बसवून टाच पेडलवर ठेवायला लावली, आणि चार बोटं खाली नवी लाल खूण चिकटवली.